लस टोचूनही खुरकूत का आली, आणि विषाणूच्या आजारात प्रतिजैविक कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शेजारच्या कळपात लाळ्या-खुरकूत दिसल्याबरोबर तुम्ही गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना आयुष्यात पहिल्यांदाच लस टोचून घेतली. तरी पाचव्या-सहाव्या दिवशी दोन गायी लाळ गाळू लागल्या, मग लंगडू लागल्या. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं, आणि विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही हे तुम्ही वाचलेलं होतं. मोठी जनावरं सावरली, पण दूध पिणारं एक वासरू तोंडात एकही फोड नसताना अचानक कोसळून मेलं. लस फुकट गेली का, औषध चुकलं का, आणि वासरू कशाने गेलं, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे. शिवाय कोंबड्यांच्या लसींबद्दलही तुम्ही विचारलं आहे.

मला या सगळ्यामागे एकच गोष्ट दिसते. शरीराला रोगजंतू ओळखून त्याच्या विरोधात नेमकी तयारी करायला ठरावीक दिवस लागतात. ते दिवस कोणत्याही औषधाने वगळता येत नाहीत. लस म्हणजे ही तयारी आधीच करून ठेवणं, आणि उपचार म्हणजे ती पुरी होईपर्यंत जनावर तगवून धरणं. पशुवैद्यक म्हणून इतकी वर्षं काम करताना मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या लसीकरणांत लस खराब नव्हती, तिला वेळ मिळालेला नव्हता.

आधी विषाणू आणि जिवाणू यांतला फरक, कारण तिथूनच औषधाचा प्रश्न सुटतो. जिवाणू ही स्वतंत्र जिवंत पेशी असते. तिला स्वतःची भित्तिका असते, प्रथिनं बनवायची स्वतःची यंत्रणा असते. पेनिसिलिन त्या भित्तिकेच्या बांधणीवर घाव घालतं, टेट्रासायक्लिन जिवाणूची प्रथिनं बनण्याचं काम थांबवतं. विषाणूकडे यातलं काहीच नसतं. लाळ्या-खुरकुतीचा विषाणू जेमतेम २५ ते ३० नॅनोमीटरचा. प्रथिनांचं कवच, आत आरएनएचा एक धागा, बस्स. तो जनावराच्याच पेशीत शिरतो आणि तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्यामुळे प्रतिजैविकाला घाव घालायला जागाच उरत नाही.

गंमत म्हणजे प्राण्यांनाही विषाणूमुळे रोग होतो हे पहिल्यांदा समजलं तेच या रोगावरून. १८९८ साली जर्मनीत फ्रीडरिश लोफ्लर आणि पाउल फ्रॉश यांनी फोडातला द्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. गाळलेला, म्हणजे जिवाणू नसलेला द्रव टोचूनही वासरं आजारी पडली. एखादं विष असतं तर एका जनावरातून दुसऱ्यात जाताना ते पातळ होऊन संपलं असतं. हे तर प्रत्येक जनावरात वाढत होतं.

आता लागण झाल्यावर शरीरात काय होतं ते पाहू. पहिले काही तास आणि दिवस जन्मजात प्रतिकारशक्ती एकटीच काम करते. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन सोडते. त्याने शेजारच्या पेशी सावध होतात आणि विषाणूला आपल्यात वाढणं अवघड करतात. ॲलिक इसाक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या पडद्यावर प्रयोग करताना हे द्रव्य ओळखलं. ताप येतो तोही याच काळात. ताप म्हणजे बिघाड नव्हे, तोही प्रतिकाराचाच भाग आहे. गाय रवंथ सोडेल, पाणी तोडेल इतका चढला तर उतरवावा, पण अंग जरा गरम लागलं की इंजेक्शन, ही घाई मला पटत नाही.

ही पहिली फळी झटपट कामाला लागते, पण ती रोगजंतूची जात ओळखत नाही. ते काम लसिका गाठींत चालतं. तिथे विषाणूचे तुकडे लाखो वेगवेगळ्या लसिका पेशींसमोर येतात. त्यांतल्या ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा नेमका बसतो त्या निवडल्या जातात आणि वाढू लागतात. जनावर आजारी असताना जबड्याखालची किंवा खांद्यापुढची गाठ हाताला मोठी लागते ती यामुळेच. त्यांतल्या बी पेशी प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, बनवतात. चार-पाच दिवसांत पहिल्या खेपेची प्रतिपिंडं रक्तात दिसू लागतात, आणि दुसऱ्या आठवड्यात अधिक टिकाऊ, अधिक घट्ट चिकटणारी येतात. खुरकुतीत प्रतिपिंडं आली की रक्तातला विषाणू झपाट्याने कमी होतो. तुमच्या गायी बऱ्या झाल्या त्या यामुळे.

प्रतिपिंडं मात्र पेशीबाहेरच्या विषाणूलाच पकडू शकतात. पेशीत दडलेल्याला संपवायला टी पेशी, म्हणजे दुसऱ्या जातीच्या लसिका पेशी, लागतात. संसर्ग झालेली पेशी आत बनत असलेल्या विषाणूचे तुकडे स्वतःच्याच काही प्रथिनांवर मांडून बाहेर दाखवते, आणि टी पेशी ते दोन्ही एकत्र ओळखून ती पेशीच मारून टाकते. हे कोडं सोडवणाऱ्या पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागल यांना १९९६ चं नोबेल मिळालं. यातले डोहर्टी शिक्षणाने पशुवैद्यक. ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

आता तुमच्या लसीकडे येऊ. खुरकुतीची लस ही मारलेल्या विषाणूची असते. पहिल्यांदाच टोचलेल्या जनावरात नेहमीच्या लसीने भरवशाचं संरक्षण यायला दोन ते तीन आठवडे लागतात. ते पक्कं व्हायला महिन्याभराने दुसरी मात्रा लागते. रोगाचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, साधारण २ ते १४ दिवसांचा. लस दिल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी गाय लाळ गाळू लागली याचा सरळ अर्थ असा की लस टोचली त्या सुमारास विषाणू तिच्या अंगात होता किंवा लगोलग आला. लसीमुळे रोग झाला, असं अशा वेळी हमखास बोललं जातं. मारलेला विषाणू वाढू शकत नाही, त्यामुळे त्यात तथ्य नाही. मात्र एक धोका खरा आहे. रोगाची साथ आसपास असताना एकच सुई घेऊन गोठ्यागोठ्यात फिरलं तर सुई, हात, कपडे आणि चपला विषाणू वाहून नेतात. म्हणून साथीच्या वेळी आधी लांबच्या निरोगी कळपांना टोचत आत यायचं, प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरायची, आणि लक्षणं असलेल्या जनावराला टोचायचंच नाही.

वेळ मिळूनही लस कधीकधी तोकडी पडते. खुरकुतीच्या विषाणूचे सात प्रकार आहेत: ओ, ए, सी, आशिया-१ आणि आफ्रिकेत ओळखले गेलेले सॅट-१, सॅट-२, सॅट-३. एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून वाचवत नाही, आणि एकाच प्रकारातही विषाणू हळूहळू रूप बदलत राहतो. त्यात लसीचं संरक्षण टिकतं साधारण सहा महिने. यापुढे बुळकांडी हा गाई-म्हशींचा जुना जीवघेणा रोग ठेवून बघा. बुळकांडीच्या विषाणूचा एकच प्रकार होता, बरं झालेलं जनावर विषाणू बाळगत नसे, आणि वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात तयार केलेल्या जिवंत क्षीण लसीच्या एका मात्रेने जनावराला बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळे. म्हणून बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर नायनाट झालेला तो दुसराच रोग. खुरकूत या तिन्ही बाबतींत उलटी आहे. तिथे एकदा टोचून मोकळं होता येत नाही, दर सहा महिन्यांनी टोचावंच लागतं.

लस थंड ठेवायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गोठवायची नाही हे फार जण विसरतात. तेल किंवा ॲल्युमिनियमयुक्त मारलेली लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. बर्फाला चिकटून ती गोठली की तिची घडण मोडते. परत वितळवली तरी उपयोग नाही, आणि बाहेरून पाहून ते ओळखू येईलच असं नाही.

आता प्रतिजैविकाकडे. डॉक्टर चुकले असं मला वाटत नाही, पण ते औषध खुरकुतीसाठी नव्हतंच. आजारी गाईची जीभ जवळून पाहिली असेल तर आठवेल: फोड फुटला की जिभेवरचं कातडं चिंधीसारखं सुटून हातात येतं आणि खाली लालभडक ओला भाग उघडा पडतो. खुरांच्या बेचक्यात तसंच, सडांवरही तसंच. कातडी हा प्रतिकारशक्तीचा पहिला अडसर, आणि तोच गळून पडलेला. बेचक्यात शेण-चिखल जातो आणि जिवाणू आत शिरतात. सडाच्या टोकावर फोड आला की दूध काढताना गाय लाथ मारते, धार नीट निघत नाही, दूध तुंबतं आणि कासदाह होतो. कळपाचं मोठं नुकसान विषाणू निघून गेल्यावर या जिवाणूंनीच होताना मी पाहिलं आहे. ज्या गाईच्या खुरात पू आहे, कास कडक आहे, किंवा ताप उतरून पुन्हा चढला आहे, तिला प्रतिजैविक योग्यच. पण नुसती लाळ गाळणाऱ्या, जखम स्वच्छ असलेल्या प्रत्येक जनावराला ते सरसकट देणं मला मान्य नाही. त्याने विषाणू मरत नाही, अंगावरच्या जिवाणूंना मात्र औषधाला सरावण्याची संधी मिळते, आणि दूध ठरलेल्या मुदतीपर्यंत बाजूला काढावं लागतं. तोंड आणि खूर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट द्रावणाने धुणं, तोंडाला बोरोग्लिसरीन लावणं, मऊ वैरण आणि कोरडी जागा देणं, यानेच निम्मं काम होतं.

विषाणूने वाट करून द्यायची आणि जिवाणूने घात करायचा, हे श्वसनरोगांत आणखी स्पष्ट दिसतं. विषाणू श्वासनलिकेतले केसासारखे तंतू आणि तिथला चिकट थर बिघडवतो. मग एरवी नाक-घशात गुमान राहणारा मॅनहेमिया हीमोलिटिका हा जिवाणू फुप्फुसात उतरतो. तो एक विष सोडतो, ज्याने रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पांढऱ्या पेशी नेमक्या मरतात. म्हणजे त्याला खायला आलेल्या पेशीच फुटतात, त्यांच्या पोटातली पाचक द्रव्यं फुप्फुसात सांडतात आणि फुप्फुस आणखी खराब होतं. लांबचा प्रवास, गर्दी, उपासमार यांनंतर हा रोग उसळतो, कारण ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि ते प्रतिकारशक्ती दाबतं. स्टिरॉइडचं इंजेक्शन हेच करतं. सूज उतरते, जनावर संध्याकाळी खायला लागतं, मालक खूश होतो, आणि दोन दिवसांनी संसर्ग अंगभर पसरलेला असतो. संसर्गजन्य रोगात स्वतःच्या मनाने स्टिरॉइड टोचू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिजैविक योग्य जिवाणूवर दिलं तरी शेवटचं काम पांढऱ्या पेशीच करतात. कासदाहात हे नीट कळतं. कासेत जिवाणू शिरले की रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी दुधात धावून येतात. निरोगी कासेच्या दुधात मिलिलिटरला साधारण एक लाखापेक्षा कमी पेशी असतात, दोन लाखांपुढे संख्या गेली की कासेत संसर्ग आहे असं धरतात. एकाच भांड्यात चारही सडांचं दूध वेगवेगळ्या खणांत घेऊन चाचणीचं द्रावण घातलं, की दुखऱ्या सडाचं दूध जेलीसारखं घट्ट होतं. ती घट्टी म्हणजे फुटलेल्या पांढऱ्या पेशींमधला डीएनए. पण ई. कोलाय या जिवाणूच्या कासदाहात गाय कित्येकदा जिवाणूंपेक्षा स्वतःच्याच प्रतिक्रियेने आडवी होते: जिवाणूच्या भित्तिकेतलं विष रक्तात जातं, शरीर बेफाम सूज आणतं, रक्तदाब घसरतो. तिथे सलाइन आणि सूज आवरणारं स्टिरॉइड नसलेलं औषध प्रतिजैविकाइतकंच महत्त्वाचं ठरतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू याच्या अगदी उलट. तो गाठी करून, पेशींच्या आत दडून बसतो. औषध बंद झालं की पुन्हा वर येतो. ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू तर भक्षक पेशींच्याच पोटात मुक्काम करतात, म्हणून त्यांच्यापुढे प्रतिपिंडं फारशी कामाची नाहीत, टी पेशींचीच मदत लागते.

घटसर्प आणि फऱ्या यांत गोष्ट पुन्हा वेळेवर येते. हे जिवाणूंचे रोग, प्रतिजैविक त्यांना लागू पडतं, पण रोग इतका वेगाने धावतो की घसा सुजून घरघर लागल्यावर किंवा मांडीची सूज दाबल्यावर करकर वाजू लागल्यावर बहुधा उशीर झालेला असतो. तिथे हंगामाआधी दिलेली लसच खरी.

वासराबद्दल लिहिताना मलाही वाईट वाटतं, कारण असं वासरू जाताना काही पूर्वसूचना मिळत नाही. खुरकुतीचा विषाणू कोवळ्या वासरांत हृदयाच्या स्नायूत वाढतो. तोंडात फोड येण्याआधीच हृदय बंद पडतं. शवविच्छेदन केलं असतं तर हृदयावर फिकट पिवळसर पट्टे दिसले असते, वाघाच्या अंगावर असतात तसे. लक्षणं दिसण्याआधीच आजारी गाईच्या दुधात विषाणू उतरलेला असतो, त्यामुळे दुधातूनच त्याला तो मिळाला असण्याची शक्यता मोठी आहे.

त्याच्याकडे प्रतिकार का नव्हता? गाईच्या वारेतून प्रतिपिंडं गर्भाकडे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळजवळ नसतातच. सगळी मिळतात ती चिकातून, आणि आतडी ती अख्खी शोषून घेतात फक्त पहिल्या दिवसात. पहिल्या सहा तासांनंतर ही क्षमता घसरत जाते आणि चोवीस तासांत दार बंद होतं. म्हणून जन्मल्यापासून दोन तासांच्या आत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३० किलोच्या वासराला तीन लिटर चीक पाजायचा. वार पडायची वाट बघत वासराला ताटकळत ठेवू नका. चीक ही आईने बांधून दिलेली शिदोरी आहे, पण आईच्या अंगात जे आहे तेच त्यात येणार. तुमच्या गाईला आयुष्यातली पहिली लस साथ आल्यावर मिळाली. वासरू जन्मलं तेव्हा तिच्या चिकात खुरकुतीची प्रतिपिंडं असण्याचं कारणच नव्हतं. गाभण गाईला विण्याच्या एक-दोन महिने आधी लस मिळालेली असेल तर चीक भरलेला असतो.

याची दुसरी बाजूही आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडं वासरात असतात तोवर ती लसीलाच निकामी करतात. म्हणून लस घेतलेल्या आईच्या वासराला पहिली मात्रा चौथ्या महिन्यात, दुसरी त्यानंतर महिन्याभराने. आईला लस नसेल तर इतकं थांबायचं कारण नाही, त्याआधीही टोचता येते. कुत्र्याच्या पिल्लांत पार्व्हो या विषाणूच्या रोगाच्या लसीचं हेच होतं: आईची प्रतिपिंडं लस अडवण्याइतकी उरलेली असतात, पण रोग अडवण्याइतकी नसतात, असे काही दिवस मध्ये येतात. ते दिवस कोणत्या पिल्लात कधी येतील हे सांगता येत नाही, म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने मात्रा देत शेवटची सोळा आठवड्यांच्या वयाला किंवा त्यानंतर देतात.

कोंबड्यांचं शास्त्र यापेक्षा वेगळं नाही, पण एक अवयव निराळा आहे. पक्ष्यांत विष्ठाद्वाराच्या वरच्या बाजूला फॅब्रिशियसची पिशवी असते, आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी तिथेच घडतात. १९५६ मध्ये ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कोवळ्या वयात ही पिशवी काढलेल्या कोंबड्या प्रतिपिंडं बनवू शकत नाहीत. गंबोरो या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू नेमका याच पिशवीवर हल्ला करतो. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं जास्त मरतात, पण त्याहून लहान वयात लागण झालेली पिल्लं वरकरणी धड दिसतात आणि पुढे राणीखेत या कोंबड्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लस त्यांच्यात नीट लागू पडत नाही. तुमच्या कोंबड्यांत लस दिल्यावरही राणीखेत येत असेल, तर आधी मेलेल्या पिल्लांच्या या पिशव्या कापून बघायला सांगा. त्या आक्रसलेल्या किंवा रक्ताळलेल्या असतील, तर दोष राणीखेतच्या लसीत नाही.

आता तुमच्या गोठ्याचं. गोठा ४ टक्के धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाने धुवा. हा विषाणू आम्लाला आणि अल्कलीला फार लवकर बळी पडतो, पण साध्या पाण्याला दाद देत नाही. बऱ्या झालेल्या गायींपैकी काही घशात विषाणू महिनोन् महिने बाळगतात, त्यामुळे त्या विकायची किंवा बाहेरच्या जनावरांत मिसळायची घाई नको. एखादी पुढे उन्हात धापा टाकू लागली, अंगावर केस वाढू लागले, तर तो याच रोगाचा मागे राहिलेला परिणाम आहे, नवा संसर्ग नव्हे. ज्या जनावरांना लक्षणं आलीच नाहीत त्यांना पहिल्या मात्रेपासून महिन्याभराने दुसरी मात्रा द्या. पुन्हा एखाद्या जनावराला ताजा फोड दिसला, तर त्याचं सुटलेलं कातडं, साधारण ग्रॅमभर, डॉक्टरांकडून ग्लिसरीन-फॉस्फेट बफरमध्ये प्रयोगशाळेकडे पाठवून प्रकार तपासून घ्या. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये टाकून पाठवू नका, कारण नमुना जरा आम्लधर्मी झाला तरी विषाणू मरतो. फोड भरून आल्यावर हे कातडं मिळत नाही. तेव्हा रक्त तपासायचं ते विषाणू अंगात वाढतानाच बनणाऱ्या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांसाठी. शुद्ध केलेल्या लसीत ती प्रथिनं नसतात, त्यामुळे कोणत्या जनावराला खरी लागण होऊन गेली आणि कोणाच्या अंगात फक्त लसीची प्रतिपिंडं आहेत, हे त्यावरून वेगळं काढता येतं.